इंग्लंडमध्ये जुन्या लढाऊ विमानांचं काम: वेल्डिंगआधी रिव्हेटिंग

तुम्ही विचारलंय की टिग वेल्डिंगचा (टंगस्टनच्या टोकाने आणि आर्गॉन वायूच्या आडोशाने केलेल्या विजेच्या वेल्डिंगचा) सहा वर्षांचा अनुभव आहे, इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धातली विमानं पुन्हा उडती करणाऱ्या वर्कशॉपमध्ये यायचंय, तर आणखी कुठलं वेल्डिंग शिकून यावं. वेल्डिंग आहे तेवढं जवळजवळ पुरे, भर घालायची तर फक्त गॅस वेल्डिंगची, ते शेवटी येईल. निघेपर्यंतचा वेळ रिव्हेटिंगवर, म्हणजे भोकात धातूची खिळी घालून तिचं टोक ठोकून पत्रे जोडण्यावर, हात बसवण्यात घाला.

स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं अंग ड्युरालुमिनच्या पत्र्याचं आहे आणि तो पत्रा स्वतः भार पेलतो. या तांबंमिश्रित अ‍ॅल्युमिनियमला वेल्डिंगची आच लागली की त्याची ताकद जाते, शिवाय वेल्ड थंड होताना भेगा पडतात. अमेरिकन मस्टँगमधल्या २०२४ नंबरच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचंही तेच. हरिकेन पाहून तर वेल्डर हमखास फसतो, कारण आत नळ्यांचा पिंजरा दिसतो. पण ते बनवणाऱ्या हॉकर कंपनीने त्या नळ्यांची टोकं चौकोनी दाबून, बाजूला पट्ट्या लावून, बोल्ट आणि पोकळ रिव्हेटांनी सांधे बांधले. ते तसेच बांधायचे. वेल्डरचं खरं काम टायगर मॉथ या प्रशिक्षण विमानाचा सांगाडा, हार्वर्ड या दुसऱ्या प्रशिक्षण विमानाच्या पुढच्या भागातल्या नळ्या, एक्झॉस्ट आणि काही काउलिंग (इंजिनावरची पत्र्याची झाकणं), एवढ्यावर.

सराव १/८ इंची रिव्हेटवर करा. ०.०४० इंची २०२४ च्या दोन पट्ट्या घ्या, गोल डोक्याचे एएन४७०एडी४ रिव्हेट घ्या. आधी ४० नंबरच्या ड्रिलने लहान भोक, मग ३० नंबरने पूर्ण, म्हणजे ०.१२८५ इंच. पट्ट्या सुट्या करून दोन्ही बाजूंची बर (भोकाच्या कडेला उरलेली धारदार कोर) काढा, नाहीतर मधे अडकलेला कीस पत्रे चिकटू देत नाही आणि रिव्हेट त्या फटीत फुगतो. क्लेको, म्हणजे भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या स्प्रिंगच्या पिना, लावून पट्ट्या घट्ट धरा (इथे त्यांना स्किन पिन म्हणतात). रिव्हेटचा दांडा पलीकडे ३/१६ इंच, म्हणजे व्यासाच्या दीडपट, बाहेर हवा. ठोकल्यावर तयार झालेलं डोकं ३/१६ इंच रुंद आणि १/१६ इंच उंच. रिव्हेट गन, म्हणजे हवेवर चालणारी हातोडी, वापरताना सुरुवातीला हवेचा दाब ४० पीएसआयच्या आसपास ठेवा आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवा. हळूहळू टकटक करत बसलात तर रिव्हेट कडक होतो आणि डोक्याच्या कडेला चिरतो. गन तिरकी झाली तर पत्र्यावर चंद्रकोर उमटते. बकिंग बार (रिव्हेटच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा) कलला तर डोकं एका बाजूला सरकतं.

बिघडलेला रिव्हेट काढणं याहून अवघड, आणि जुन्या विमानात दिवसभर तेच असतं. डोक्याच्या बरोबर मध्यावर पंच मारा, ड्रिल डोक्याच्या उंचीपुरतंच घाला, पंच तिरका करून डोकं मोडा, मागून आधार देऊन दांडा बाहेर ढकला. ड्रिल पत्र्यात उतरलं की भोक लांबटतं. मग ५/३२ चा रिव्हेट लागतो, आणि त्याला काठापासून निदान ५/१६ इंच अंतर हवं. ते मिळत नसेल तर इंजिनिअरला विचारा, मनाने ठरवू नका.

पत्र्याशी सपाट बसणाऱ्या चपट्या डोक्याच्या रिव्हेटला जाड पत्रा काउंटरसिंक करतात (भोकाचं तोंड शंकूसारखं कापतात), पातळ पत्र्याला डिंपल देतात (न कापता दाबून खळगा पाडतात). पातळ पत्रा काउंटरसिंक केला तर भोकाची कड सुरीसारखी धारदार होते आणि तिथून भेग निघते. स्पिटफायरच्या पहिल्या नमुन्यावर चपट्या रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळी चिकटवून उड्डाणं केली होती, गोल डोकी कुठे चालतील हे बघायला. म्हणून कुठे गोल, कुठे चपटा हे ड्रॉइंगवरूनच घ्यायचं.

जाडीचं एक लक्षात ठेवा: ब्रिटिश ड्रॉइंगमध्ये २० गेज म्हणजे ०.०३६ इंच, अमेरिकन अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचं २० गेज ०.०३२. नेहमी मायक्रोमीटर लावा. २०२४ चे रिव्हेट तापवून पाण्यात बुडवल्यावर १० ते २० मिनिटांत ठोकावे लागतात, नंतर ते कडक होतात, म्हणून ते फ्रीझरमध्ये ठेवतात.

आता तुमचं टिग. ४१३० नंबरच्या मिश्र पोलादाच्या पातळ नळ्यांना ईआर७०एस-२ ची फिलर रॉड (सांध्यात वितळवून भरायची पोलादी तार) चालते. नळीचं तोंड माशाच्या तोंडासारखं कापून फट जवळजवळ शून्यावर आणा, सगळे सांधे आधी टॅक करा (छोट्या ठिपक्यांनी पकडून ठेवा), मग आलटून पालटून भरा, नाहीतर सांगाडा पिळतो. वेल्डवर पाणी किंवा वारा येऊ देऊ नका. घासून सपाट तर मुळीच करू नका, त्याने सांध्याची जाडी कमी होते. काउलिंगच्या मऊ अ‍ॅल्युमिनियमला मात्र ऑक्सि-अ‍ॅसिटिलीन, म्हणजे गॅसच्या ज्योतीचं वेल्डिंग, शिकून या. टिगची शिवण कडक पडते आणि हातोडीने सपाट करताना तडकते, गॅसची मऊ राहते. फ्लक्स (गॅस वेल्डिंगआधी लावायचं सफाईचं रसायन) नंतर गरम पाण्याने पूर्ण धुवा, राहिला तर पत्रा खातो.

कागदपत्रांचं थोडक्यात. ही विमानं बहुतेक सीएएच्या, म्हणजे ब्रिटिश नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या, परमिट टू फ्लायवर (उडण्याच्या परवान्यावर) उडतात आणि प्रत्येक सांध्याची नोंद लागते, सही अधिकार असलेल्या माणसाची. स्किल्ड वर्कर व्हिसाला मालकाकडे स्पॉन्सर लायसन्स हवं. अनेक वर्कशॉप लहान असल्याने मुलाखतीआधीच विचारा. वेल्डिंगचं प्रमाणपत्र आयएसओ २४३९४ चं, म्हणजे विमान-अवकाश क्षेत्रातल्या वेल्डरच्या मानकाचं, असेल तर उत्तम. सोबत २० रिव्हेटांची एक पट्टी आणा, त्यातले पाच रिव्हेट पट्टीसकट मधोमध उभे कापून पॉलिश केलेले. भोक पूर्ण भरलंय की नाही ते त्या कापात दिसतं.