पत्रा वाजवून पिकअप घेऊ नका

प्रश्न: बोलेरो पिकअप, टाटा योद्धा आणि इसुझू डी-मॅक्स यांत बांधणीला मजबूत आणि टिकाऊ कोणती? जुन्नर ते वाशी टोमॅटो-कांदा वाहायचाय. एक जण म्हणाला, ज्या गाडीचा पत्रा जाड ती डोळे झाकून घे. पहिलीच गाडी आहे. सेकंड हँड चालेल का?

उत्तर:

'पत्रा जाड' वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. तुम्हाला हे सांगणारा तो 'एक जण' माझ्या दाजींच्या नात्यातला निघाला तर मला नवल वाटणार नाही.

ओझ्याचा आणि पत्र्याचा संबंध नाही. हौद्यातलं वजन चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर येतं, चासीवरून पाट्यांवर (मागच्या चाकांवरच्या एकावर एक स्प्रिंगपट्ट्या), पाट्यांवरून ॲक्सलवर (दोन चाकांना जोडणारा आडवा कणा), तिथून बेअरिंगवर आणि शेवटी टायरवर. या वाटेत पत्रा कुठेच लागत नाही. तरी शोरूममध्ये येणारा प्रत्येक माणूस आधी बोनेटवर टकटक करतो, कलिंगड घ्यायला आल्यासारखा.

मी २०१२ ते २०१९ अशी सात वर्षं पिकअप चालवली. स्वतःची, हप्त्यांवरची. कंपनीचं नाव सांगणार नाही. सांगितलं की खाली कमेंटमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतील, आणि तसाही दोष कंपनीचा नव्हता. निदान मी तरी इतकी वर्षं हेच म्हणत आलोय.

ऑगस्ट २०१६. रात्री साडेनऊला ओतूरहून निघालो. हौद्यात टोमॅटोचे ११० कॅरेट. एका कॅरेटात वीस किलो माल, वर रिकामं कॅरेट दीड-दोन किलोचं. हिशोब करा, २,४०० किलोच्या आसपास जातो. आणि आरसी बुकाप्रमाणे गाडीची ताकद सव्वा टन. वेडा आहे का हा माणूस, असं वाटलं असेल तर सीझनमध्ये संध्याकाळी नारायणगाव मार्केटच्या गेटवर जाऊन उभे राहा. पन्नास-पंचावन्न कॅरेट घेऊन वाशीला गेलं की डिझेल आणि हमाली जाऊन हप्त्यापुरतंही उरत नाही, हे गणित तिथल्या प्रत्येकाला पाठ आहे.

एवढं वजन गाडी उचलायची, कारण मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे टाकलेले. ही कल्पना दाजींची. माझी बहीण मुरबाडला दिलीय. दाजींची स्वतःची पिकअप, विटा वाहतात, आणि गाड्यांमधलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे. मी गाडी घेतली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात ते मला त्यांच्या ओळखीच्या पाटेवाल्याकडे घेऊन गेले. पाटे चढले, यू बोल्ट लांब बसवले, गाडी मागून चार बोटं उचलली गेली. "आता टाक किती टाकायचंय ते." दिसायला रुबाबदार झाली खरी. रिकामी येताना मात्र खड्ड्यात अशी उडायची की डब्यातली भाजी झाकणाला चिकटलेली असायची.

तर त्या रात्री पाऊस होता, माळशेजमध्ये धुकं होतं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो तरी पुढच्या चाकांकडून ब्रेक जळाल्याचा वास यायला लागला. मला वाटलं, वजन जास्त आहे म्हणून. खरं कारण दोन महिन्यांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडीखाली बोट दाखवून सांगितलं. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलपासून चासीपर्यंत एक बारीक दांडी असते आणि तिला जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह. गाडी वजनाने खाली बसली की दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडतो. रिकामी असली की कमी सोडतो, मागची चाकं जाम होऊन घसरू नयेत म्हणून. आता जादा पाट्यांमुळे गाडी भरली तरी खाली बसतच नाही. व्हॉल्व्हच्या लेखी ती रिकामीच. म्हणजे हौद्यात अडीच टन, आणि मागची चाकं रिकाम्या गाडीइतका ब्रेक घेतायत. चार वर्षं मी तो घाट असा उतरत होतो. हे कळलं त्या दिवशी मी जेवलो नाही.

घाट मात्र उतरला. घाटाखालची मोरोशी मागे टाकली, रस्ता सरळ झाला, जरा सैल होऊन बसलो, आणि खट्ट असा एकच आवाज. मग मागून कुणी हौदा धरून ओढतंय असं. गाडी कशीबशी कडेला घेतली, बॅटरी घेऊन उतरलो. उजवं मागचं चाक ड्रमसकट वीतभर बाहेर आलेलं, तिरकं होऊन हौद्याच्या खालच्या पट्टीला टेकलेलं. टायर घासून त्यातून धूर निघत होता आणि त्यावर पाऊस पडून चर्र वाजत होतं. आत बघितलं तर चाक फिरवणाऱ्या शाफ्टचं तुटलेलं टोक, काळंनिळं पडलेलं.

दाजींना फोन केला. पाऊण तासात आले, स्वतःची पिकअप घेऊन. उतरले, चाकाकडे बघितलं, आणि पहिलं काय केलं असेल? माझ्या मडगार्डवर बोटाने टकटक केलं. मग स्वतःच्या मडगार्डवर. "आवाज ऐक. तुझा थप वाजतोय, आमचा टण वाजतो. तुला म्हणालो होतो, आमची कंपनी घे."

आता जावयाला काय बोलणार? तेही रात्री बारा वाजता झोपेतून उठून आलेल्या. पाटे कुणी टाकायला लावले, हे माझ्या ओठांवर होतं. गिळलं. भर पावसात आम्ही तिघांनी, मी, दाजी आणि माझ्याबरोबरचा पोरगा, ११० कॅरेट एका हौद्यातून दुसऱ्यात केले. चौदा कॅरेटांचा चिखल झाला होता. दाजी पहाटे माल वाशीला घेऊन गेले, विक्रीची पट्टी आणून हातात दिली आणि भाडं घेतलं नाही. भाडं घेतलं असतं तर निदान बोलायला मोकळा झालो असतो.

तेव्हापासून साखरपुडा असो, बारसं असो, एकदा तर दशक्रियेच्या घाटावर, हा किस्सा दाजी सांगतात आणि शेवटी टण-थप करून दाखवतात.

म्हणून तुम्हाला सांगतो, बोनेट सोडा आणि मागच्या चाकाजवळ उकिडवे बसा. मागचे ॲक्सल दोन प्रकारचे. सेमी फ्लोटिंगमध्ये चाक थेट शाफ्टच्या टोकाला बसवलेलं असतं. शाफ्ट चाक फिरवतोही आणि गाडीचं वजनही पेलतो. तो तुटला किंवा त्याचं बेअरिंग गेलं की चाक बाहेर. फुल फ्लोटिंगमध्ये वजन ॲक्सलच्या बाहेरच्या नळीवर आणि हबच्या दोन बेअरिंगवर असतं, शाफ्टला फक्त फिरवायचं काम. तो तुटला तर गाडी जागेवर उभी राहते, पण चाक निघत नाही. ट्रकच्या मागच्या चाकात मधोमध जो वाटीसारखा हब पुढे आलेला असतो, भोवती बोल्टांचं कडं असलेला, ते फुल फ्लोटिंग. चाकाचा मधला भाग सपाट किंवा नुसती टोपी असेल तर बहुतेक सेमी. एकाच कंपनीत मॉडेलप्रमाणे फरक असतो, त्यामुळे सेल्समनला तोंडी विचारू नका, तो 'सर, फुल हेवी ड्युटी' एवढंच म्हणेल. वाकून बघा.

हेवी ड्युटीवरून आठवलं. माझा भाचा (दाजींचाच मुलगा) मला अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ पाठवत असतो. फोर्डचं ६.७ लिटरचं आठ सिलिंडर, रॅममध्ये कमिन्स कंपनीचं ६.७ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन. कमिन्स म्हटलं की आपल्याला पुण्यातला त्यांचा कोथरूडचा कारखाना आठवतो, पण तिकडे ते १९८९ पासून पिकअपमध्ये बसतंय. तिथेही लोक इंजिनावरून भांडत बसतात. पण त्या गाड्यांना हेवी ड्युटी म्हणतात त्यात मागच्या फुल फ्लोटिंग ॲक्सलचा वाटा मोठा आहे, त्यावर व्हिडिओ कुणी काढत नाही.

बरं, तुमचा प्रश्न. बोलेरो पिकअप: अडीच लिटरचं साधं इंजिन, १.३ पासून १.७ टनापर्यंत पासिंग (म्हणजे कागदोपत्री मंजूर माल), आणि मुख्य म्हणजे आळेफाट्याच्या कुठल्याही गॅरेजमधला पोरगा ती डोळे मिटून खोलतो. तिच्याच मॅक्स पिकअपमध्ये २०२३ पासून दोन टनांपर्यंतचं मॉडेल आहे. टाटा: जुनी २०७ ज्यांनी वापरली ते अजून तिचं नाव काढतात. हळू, आवाज ट्रकसारखा, पण तीन लिटरचं इंजिन कधी दमलं नाही. योद्धा तिच्याच गादीवर बसलीय आणि सप्टेंबर २०२२ मध्ये योद्धा २.० दोन टनांच्या पासिंगने आली. इसुझू डी-मॅक्स आंध्रातल्या श्री सिटीत बनते. चालवायला तिघींत सगळ्यात सुखाची, पण साध्या मॉडेलचं पासिंग सव्वा टनाच्या आसपास, जास्तीत जास्त १.७ टन, आणि घेण्याआधी तुमच्या तालुक्यात तिचे पार्ट कुठे मिळतात ते विचारून या. तुमच्या मालासाठी मी ती घेणार नाही. अशोक लेलँडची दोस्त तुम्ही विचारली नाहीत, पण कमी वजनाला, मंचर-पुणे अशा खेपांना बघण्यासारखी आहे. घाटात भरलेली नेणार असाल तर तिचं दीड लिटरचं इंजिन लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर माझ्यासारखं दोन टन वाहायचं असेल तर दोन टन पासिंगची घ्या, मग ती महिंद्रा असो की टाटा. सव्वा टनाची घेऊन पाटे चढवू नका. पाटा वाढवला की फक्त पाटा मजबूत होतो. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, उलट कडक पाट्यांमुळे खड्ड्याचा दणका थेट त्यांच्यावर. चासीला पट्टी मारून वेल्डिंग करणं तर त्याहून वाईट, वेल्डिंगच्या शेजारीच चीर जाते. आणि २०१९ पासून ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला २,०००. दाजी म्हणतात, पकडतंय कोण. पकडतो तो आरटीओवालाच असतो असं नाही, हे मोरोशीच्या पुढे कळतं.

दोन-तीन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, मी गाडी २०१९ ला विकली, म्हणजे बीएस सिक्स या धुराच्या नव्या नियमांच्या आधी. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळीची जाळी आली, डीपीएफ. ती स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी गाडी लांब आणि गरम चालावी लागते. वाशीच्या खेपा असतील तर अडचण नाही. शेत ते मार्केट असं सहा-सात किलोमीटरच करणार असाल तर दिवा पेटत राहील. दोन, हौद्यावर वरून लोखंडी जाळी, सांगाडा जे काही बसवाल त्याचं वजन पासिंगमधूनच वजा होतं, हे लोक विसरतात.

तीन. त्या रात्रीच्या आधी तीन आठवडे उजव्या मागच्या चाकातून गुणगुण येत होती. चाळीसच्या वर गेलं की सुरू, वेग कमी केला की बंद. बेअरिंग आहे हे मला कळत होतं. सीझन होता, गाडी एक दिवस उभी केली की खेप जाते, म्हणून टेप मोठा लावून चालवत होतो. म्हणजे पाटे दाजींचे, पण गुणगुण माझी.

आणि आता निघालंच आहे तर हेही. मागच्या दसऱ्याला मुरबाडला होतो. दाजींच्या गाडीची पूजा चालू होती, झेंडूचा हार बांधायच्या निमित्ताने मी मागच्या चाकाशी वाकलो. मधोमध हब पुढे आलेला, भोवती बोल्टांचं कडं. फुल फ्लोटिंग. त्या रात्री त्यांची गाडी असती तर शाफ्ट तुटूनही चाक निघालं नसतं. पत्र्याचा याच्याशी तरीही काही संबंध नाही. पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि ते इथे येत नाहीत म्हणून लिहितोय.

सेकंड हँड चालेल. पाटे मोजा, नवीन आणि जुने रंगावरून कळतात. चासीवर वेल्डिंगची खूण बघा. मागची चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवा आणि वर-खाली धरून हलवा, खेळ असेल तर सोडून द्या. मग टेप बंद करून पन्नासच्या वेगाने एक चक्कर मारा. विकणारा आपणहून टेप लावायला लागला तर तुम्ही स्वतः बंद करा. मी माझी विकताना लावला होता.