शिक्के मारण्याची घाई करू नकोस

डावे, उजवे, उदारमतवादी असे कप्पे आधीच आखून राजकीय विचार वाचायला बसलास, तर पुण्याच्या इतिहासातच अडकशील. न्यायमूर्ती रानडे घे. राजकारणात नेमस्त, समाजकारणात सुधारक. पण १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी मांडलं, की इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धान्त हिंदुस्थानाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. उद्योग उभे राहायला सरकारने हात द्यावा, असं त्यांचं मत. मग त्यांना कुठल्या कप्प्यात बसवशील?

टिळक परकीय सत्तेविरुद्ध जहाल, पण १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला, म्हणजे मुलींसाठी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या कायद्याला, त्यांचा विरोध. आगरकर त्या कायद्याच्या बाजूने. दोघंही 'केसरी'चे सुरुवातीचे सहकारी बरं का!

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते शिक्षणाचं उदाहरण. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं जोतीरावांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला सांगितलं. १९११ मध्ये गोखल्यांनी त्यासाठी विधेयक आणलं. मागणी जवळपास एकच, पाया मात्र वेगळा. जोतीरावांचा सवाल होता, की शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या जातींच्या शिक्षणावर का जातो? गोखल्यांना देशाच्या प्रगतीसाठी साक्षर जनता हवी होती.

म्हणून कुणाचंही वाचताना मागणी आणि तिच्यामागचं कारण वेगवेगळं लिहून काढ. सरकारने कुठवर हस्तक्षेप करावा, व्यक्ती आधी की समाज, हे त्यातूनच कळतं. सुरुवात आगरकरांच्या निबंधांपासून कर. पक्षांचे जाहीरनामे नंतर.