१९७० च्या डॉज चॅलेंजरचा गुलाबी रंग कारखान्यातला असू शकतो का? दुर्मीळ रंग खरा आहे हे कसं तपासायचं?

असू शकतो. विक्रेता म्हणतो म्हणून मान्य करू नका, पण "असली भडक गुलाबी गाडी कंपनी कशाला काढेल" असं म्हणून सोडूनही देऊ नका. १९७० च्या वसंतात क्रायस्लरने, म्हणजे डॉज आणि प्लिमथ बनवणाऱ्या कंपनीने, हा रंग खरोखर विकला. डॉजवर त्याचं नाव पँथर पिंक, प्लिमथवर मूलाँ रूझ. दोन्हींचा कोड एकच, एफएम३. हेमी ऑरेंज, सबलाइम हिरवा, प्लम क्रेझी जांभळा या त्या काळच्या झगझगीत 'हाय इम्पॅक्ट' रंगांपैकीच हा एक, आणि त्यांच्यासाठी साधारण १४ डॉलर जादा मोजावे लागायचे.

गुलाबी इतका कमी का दिसतो? एक तर तो त्या मॉडेल वर्षाच्या मध्यात आला, तोवर बऱ्याच गाड्यांच्या ऑर्डर गेलेल्या. शिवाय ताकदवान इंजिनाच्या गाड्या घेणारी बहुतेक तरुण मुलं, ती गुलाबी कशाला घेतील? पण खरा फटका नंतर बसला असं मला वाटतं. पुढच्या काळात या गाड्या स्वस्त सेकंडहँड झाल्या, आणि नव्या मालकाने पहिलं काम काय केलं, तर लाल नाहीतर काळा मारून घेतला. म्हणजे मुळात थोड्या, त्यातल्या कितीतरी दुसऱ्या रंगाखाली दडलेल्या. मी मिशिगनमध्ये राहतो. ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची रांग लागते तेव्हा प्लम क्रेझी बऱ्याच दिसतात, गुलाबी मात्र शोधावी लागते.

रंग किती दुर्मीळ हे मॉडेल आणि वर्षावर ठरतं. भडक म्हणजे दुर्मीळ, असं नाही. शेवरलेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट घ्या: १९६७ च्या २२,९४० कॉर्व्हेटपैकी काळ्या फक्त ८१५. १९५३ च्या तीनशेच्या तीनशे कॉर्व्हेट पांढऱ्या, म्हणून त्या वर्षाची मूळ लाल कॉर्व्हेट कोणी दाखवली तर पुढे बोलायचंच नाही.

आता तुमची चॅलेंजर. बॉनेट उघडा. डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला स्क्रूने बसवलेली छोटी पत्र्याची पट्टी असते, तिला फेंडर टॅग म्हणतात. तिच्यावर गाडीचा नंबर (नंबर प्लेटवरचा नाही, कारखान्याने दिलेला) आणि रंगाचा कोड ठोकलेला असतो. तिथे एफएम३ हवं. ९९९ असेल तर तो खास ऑर्डरचा रंग. पण हे टॅग आज हवे तसे बनवून मिळतात, त्यामुळे नुसत्या टॅगवर पैसे देऊ नका. डॅशबोर्डवरचा नंबर, टॅगवरचा नंबर आणि रेडिएटर सपोर्टवर (रेडिएटर धरणाऱ्या पत्र्याच्या चौकटीवर) ठोकलेले त्याच नंबरचे शेवटचे आकडे, तिन्ही जुळले पाहिजेत. मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये कधीकधी कारखान्याची बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी, अडकलेली सापडते. कुजका, फाटका कागद असला तरी तो सोन्याच्या मोलाचा.

मग पत्रा बघा. क्रायस्लर इंजिनाच्या खणातही गाडीचाच रंग मारायची, त्यामुळे गुलाबी तिथे दिसलाच पाहिजे. (शेवरले कॅमॅरो किंवा फोर्ड मस्टँगला हा नियम लावू नका, त्यांचा इंजिनाचा खण काळा असतो.) दरवाजाचं आतलं पॅनेल काढून, डिकीतली मॅट उचलून, मागच्या दिव्यांच्या रबराखाली बघा. रंग बदलणारा गॅरेजवाला एवढ्या खोलात सहसा जात नाही. तिथे गुलाबीच्या खाली निळा किंवा हिरवा निघाला, तर कोणता रंग आधी होता ते कळलंच.

रंगाची जाडी मोजायचं यंत्रही न्या. कारखान्याचा मूळ थर ढोबळमानाने १०० ते १५० मायक्रॉन असतो. ३००-४०० दाखवलं तर रंग पुन्हा मारलाय किंवा खाली पुट्टी आहे. कॉर्व्हेटवर चुंबकाचं यंत्र चालत नाही, तिची बॉडी फायबरग्लासची.

फोर्ड घेणाऱ्यांचं काम सोपं आहे. १९६७ पासूनच्या गाड्यांची कारखान्याची नोंद मार्टी ऑटो वर्क्स या कंपनीकडून पैसे भरून मिळते. खास रंगाच्या फोर्डवर दरवाजाच्या पट्टीवर रंगाची जागा रिकामी असते आणि डीएसओ आकडा (ऑर्डर कोणत्या विक्री विभागातून आली ते सांगणारा) सहा अंकी असतो. पाँटिअॅकसाठी पीएचएस ही संस्था अशी कागदपत्रं देते. शेवरलेचं मात्र अवघड, तिथे आधीच्या मालकांनी जपलेल्या कागदपत्रांवरच भिस्त.

एक विनंती. गाडी खरी निघाली आणि मूळ रंग थोडा उडालेला, चरे पडलेला असला, तरी घाईने पुन्हा रंगवू नका. चकाचक गुलाबी आज कोणीही मारून देईल, पण १९७० साली कारखान्यात मारलेला थर एकदा घासला की गेला. आधी हलक्या पॉलिशने काय जमतं ते पाहा, आणि पॅनेलखालच्या रंगाचे फोटो काढून गाडीच्या कागदांसोबत ठेवा.