बी.कॉम., वय ३६, कॅलिफोर्नियात एच-४ वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) आहे. कम्युनिटी कॉलेजमधून नर्सिंगला प्रवेश मिळेल का, आणि झेपेल का?

तुम्ही लिहिलंय: पुण्यातून बी.कॉम., दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नाही, दोन वर्षं बे एरियात, मुलगी दुसरीत. आणि शेवटी जरा दबकत विचारलंय, रक्त बघून चक्कर आली तर? त्याचंच आधी सांगते. येते चक्कर. खाली बसायचं, पाणी प्यायचं, पुढच्या आठवड्यात परत यायचं. हळूहळू जाते. रक्त बघून कोर्स सोडलेलं माझ्या पाहण्यात कुणी नाही. लोक गळतात ते मार्कांमुळे, आणि त्याहून जास्त गळतात ते अर्ज भरायच्याही आधी.

मी मुंबईची बी.ए., लग्नानंतर इकडे आले, पस्तिशीनंतर या वाटेला लागले. आता टेलिमेट्री युनिटवर, म्हणजे पेशंटच्या हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर बघतात त्या वॉर्डात, रात्रपाळी करते. पुढे जे लिहितेय ते कॅलिफोर्नियापुरतं धरा, इतर राज्यांत नियम बदलतात. आणि हे वाचणारं कुणी भारतात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग केलेलं असेल तर त्यांनी इथे पहिलीपासून सुरुवात करू नये. त्यांनी आपली कागदपत्रं थेट राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडून तपासून घ्यावीत, तो मार्ग वेगळा आहे.

कॉलेजच्या आधी व्हिसाचं बघा. एच-४ वर शिकता येतं, हॉस्पिटलमधले क्लिनिकलही करता येतात, कारण तो अभ्यासक्रमाचाच भाग आहे. लायसन्सही मिळतं, सोशल सिक्युरिटी नंबर नसला तर इथलं बोर्ड आयटिन (टॅक्स भरण्यासाठीचा) नंबर चालवून घेतं. पण नोकरीला ईएडी, म्हणजे काम करण्याचं परवाना-कार्ड, लागतं आणि एच-४ वाल्यांना ते मिळतं मुख्यतः नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी त्याच्या कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर. म्हणजे पहिला प्रश्न कॉलेजच्या काउन्सेलरला नाही, नवऱ्याला विचारायचा. फीचं मात्र बरं आहे. कॅलिफोर्नियाची रेसिडेन्सी असली की कम्युनिटी कॉलेजात युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात, आणि एच-४ वर ती रेसिडेन्सी मिळू शकते. तुम्हाला इथे वर्षाहून जास्त झालंय, तेव्हा भाडेकरार, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न घेऊन अ‍ॅडमिशन ऑफिसात जा. नॉन-रेसिडेंट म्हणून भराल तर त्याच युनिटला कित्येक पट मोजाल. फेडरल आर्थिक मदत एच-४ ला मिळत नाही, त्या फॉर्ममध्ये वेळ घालवू नका.

कम्युनिटी कॉलेजातल्या नर्सिंगच्या पदवीला इथे एडीएन म्हणतात, असोसिएट डिग्री इन नर्सिंग. ओळखीतले लोक तुम्हाला सांगतील की ती दुय्यम आहे. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेसचा तुटवडा पडला तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या मिल्ड्रेड मोंटॅग यांनी दोन वर्षांच्या नर्सिंग शिक्षणाची कल्पना मांडली आणि १९५२ मध्ये सात ज्युनियर व कम्युनिटी कॉलेजांत तिचा प्रयोग सुरू झाला. तेव्हापासून हा राजमार्गच आहे. चार वर्षांची बीएसएन केलेली मुलगी आणि दोन वर्षांची एडीएन केलेली मुलगी नर्सच्या लायसन्ससाठीची एकच एनक्लेक्स-आरएन परीक्षा देतात आणि एकच लायसन्स घेतात.

'दोन वर्षं' हा शब्द मात्र फसवा आहे. त्याआधी प्री-रेक्विझिट पुरे करावे लागतात: अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, तिन्ही लॅबसकट, शिवाय इंग्लिश कॉम्पोझिशन. बऱ्याच ठिकाणी या तिघांच्या आधी केमिस्ट्री लागते. मूल सांभाळून याला दीड-दोन वर्षं जातात. आणि प्रवेशाचा खरा निकाल इथेच लागतो, मुलाखतीत किंवा निबंधात नाही. काही कॉलेजं लॉटरी काढतात. काही गुण मोजतात, आणि त्यात या तीन जीवशास्त्रांच्या ग्रेडला सगळ्यात जास्त वजन असतं. कोर्स पुन्हा केला असेल तर तेही अनेक ठिकाणी हिशेबात धरतात. त्यामुळे 'आत्ता बी मिळाला तर मिळाला, पुढे बघू' हा विचार महागात पडतो. सेमिस्टरला एकच लॅबचा विषय घ्या, पण ए आणा.

अ‍ॅनाटॉमीची लॅब परीक्षा कशी असते ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. टेबलांवर हाडं, मॉडेल्स, जपून ठेवलेले अवयव मांडलेले असतात, प्रत्येकावर टाचणी किंवा चिकटवलेला बाण. मिनिटभर बघायचं, नाव लिहायचं, बेल वाजली की पुढच्या टेबलाला. मांडीचं हाड ओळखून भागत नाही. बाण ग्रेटर ट्रोकँटरवर (हाडाच्या वरच्या टोकाचा मोठा उंचवटा) आहे की लेसरवर (छोटा), आणि हाड डावं की उजवं, हे लिहावं लागतं. स्पेलिंग चुकलं की मार्क कापतात. इथे पाठांतर चालतं, किंबहुना पाठांतरच लागतं, आणि त्यात आपण मराठी शाळांतले लोक तयार असतो. ओपन लॅबच्या वेळी जाऊन ती हाडं हातात घेऊन बसा. पुस्तकातल्या चित्रावरून हे होत नाही.

मग टीज नावाची प्रवेशपरीक्षा: वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी, १७० प्रश्न, २०९ मिनिटं. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत ६२ टक्क्यांना पास धरतात, पण जिथे गुणांवर प्रवेश आहे तिथे ६२ घेऊन काहीच होत नाही. ऐंशीच्या वरचं लक्ष्य ठेवा.

आता आपल्या लोकांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट. ही गुण मोजण्याची पद्धत राज्याच्या एज्युकेशन कोडमध्ये घालून दिलेली आहे, आणि ग्रेड व परीक्षेखेरीज आधीची पदवी, आरोग्यक्षेत्रातलं काम किंवा स्वयंसेवा, घरची परिस्थिती, आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येणं, यांचाही त्यात समावेश आहे. भाषांच्या यादीत भारतीय उपखंडातल्या भाषांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे तुमची बी.कॉम. आणि तुमचं मराठी, दोन्ही कामाला येऊ शकतात. पुरावा काय लागतो ते प्रत्येक कॉलेजचं वेगळं, म्हणून डि अँझा, ओलोनी, एव्हरग्रीन व्हॅली अशा जवळच्या प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा वाचा आणि बसेल तिथे सगळीकडे भरा. पदवीसाठी डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट काढायला लागणारा वेळ तुम्हाला वेगळा सांगायला नको. पुण्यात कुणी भाऊ-बहीण असेल तर आजच कामाला लावा.

प्रवेश मिळाला की कागदांचा दुसरा ढीग: बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट, बीएलएस कार्ड (सीपीआरसारखे प्राथमिक जीवरक्षक उपाय शिकल्याचं), लसींचे पुरावे. आईला फोन करून लहानपणची लसीकरणाची वही शोधायला लावू नका. रक्तातल्या अँटिबॉडी मोजणारी टायटर टेस्ट करा, गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी सगळ्याचा निकाल लागतो. आणि टीबीची त्वचेवरची टेस्ट टाळा. आपल्या दंडावर बीसीजीचा वण असतो. त्या लसीमुळे ती टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे, मग चौकश्या, आणि तोवर क्लिनिकल अडकलेले. क्वांटिफेरॉन ही रक्ताची टेस्ट मागा, तिला बीसीजीने फरक पडत नाही.

झेपेल का, याचं उत्तर अभ्यासाच्या प्रमाणात नाही, प्रश्नांच्या जातीत आहे. आपण वाढलो ते 'टीपा लिहा' आणि 'सविस्तर उत्तरे द्या' यांवर. इथे प्रश्न असा येतो. चार पेशंट आहेत, आधी कुणाकडे जाल? एकाचं काल गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि तो दहापैकी आठ दुखतंय म्हणतोय. दुसऱ्याची जेवणाआधीची साखर २१० आहे. तिसरा सीओपीडीचा (फुप्फुसांचा जुनाट आजार), रक्तातला ऑक्सिजन ९० टक्के. चौथीचं सकाळी थायरॉइडचं ऑपरेशन झालंय, ती म्हणते काही त्रास नाही, पण श्वास घेताना घर्र आवाज येतोय. नवशिका ९० हा आकडा बघून तिसऱ्याकडे धावतो. पण जुन्या सीओपीडीच्या पेशंटला ८८ ते ९२ हेच ठरवून दिलेलं असतं. जायचं चौथीकडे. मानेत आतल्या आत रक्त साठून श्वासनलिका दाबली जात असेल तर हाताशी मिनिटंच असतात. चारही जणांकडे जायचंच आहे, चारही उत्तरं एका अर्थी बरोबर आहेत. मार्क 'आधी' या शब्दाला आहेत. शाळा-कॉलेजात पहिल्या आलेल्या मुली इथे पहिल्या सेमिस्टरला रडताना पाहिल्यात, कारण सगळं पाठ असूनही सत्तर पडतात आणि पास व्हायला साधारण ७५ लागतात. बहुतेक ठिकाणी ७४.९ चे ७५ करत नाहीत. दोनदा नापास झालात की बाहेर. उपाय एकच: धडा वाचायला जेवढा वेळ देता त्याच्या दुप्पट प्रश्न सोडवायला द्या, आणि उत्तर चुकलं तर बाकीचे तीन पर्याय का नाहीत ते मोठ्याने बोलून दाखवा.

एक विषय मात्र तुम्हाला सोपा जाईल, औषधांच्या मात्रेचं गणित. २५० मिलिलिटर पिशवीत २५,००० युनिट हेपरिन आहे, तासाला १,२०० युनिट द्यायचंय, पंप किती मिलिलिटरवर लावाल? एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट, म्हणून १२. हे आपलं शाळेतलं त्रैराशिक. त्या परीक्षेत नव्वद टक्के, काही ठिकाणी शंभरच टक्के लागतात आणि इथली मुलं त्याला घाबरून असतात. तुम्ही अभ्यासगटात गणित शिकवा, त्या बदल्यात त्यांच्याकडून फोनवर बोलायला शिका. थट्टा नाही. पहाटे तीनला डॉक्टरला उठवून पेशंटचं काय बिनसलंय आणि मला कुठली ऑर्डर हवीय हे अर्ध्या मिनिटात सांगणं, ही या कामातली रोजची गोष्ट आहे. मोठ्यांना उलट विचारायचं नाही, हे अंगात मुरलेल्या आपल्यासारख्यांना ते शारीरशास्त्रापेक्षा जड जातं. उच्चारांची काळजी नको, वॉर्डात निम्मे लोक कुठून कुठून आलेले असतात.

'एवढं शिकून बेडपॅन उचलायचे का?' हे तुमच्याही घरी कुणीतरी म्हणेल. हो, उचलायचे. पहिलं सेमिस्टर तेच असतं, अंघोळ घालणं, कूस बदलणं, नाडी-रक्तदाब. कूस बदलताना पाठीवरची लाल झालेली जागा दिसते, ती चार्टमध्ये दिसत नाही.

एनक्लेक्सचं फार मनावर घेऊ नका, कोर्स नीट केलेला असेल तर ती निघते. एप्रिल २०२३ पासून तिचं स्वरूप बदललंय: ८५ ते १५० प्रश्न, कमाल पाच तास, आणि केस स्टडीवर भर. त्यामुळे त्याआधीची सेकंडहँड पुस्तकं घेऊ नका.

नोकरीचं चित्र मिश्र आहे. बे एरियातली मोठी हॉस्पिटलं बीएसएन मागतात, म्हणून एडीएन चालू असतानाच किंवा संपल्याबरोबर ऑनलाइन आरएन-टू-बीएसएनला नाव घालायचं असं धरून चला. पहिली नोकरी कदाचित नर्सिंग होममध्ये किंवा सेंट्रल व्हॅलीत मिळेल. एकदा आत शिरलात की राज्य चांगलं आहे. इथे एका नर्सकडे किती पेशंट द्यायचे यावर कायद्याने मर्यादा आहे, आमच्या टेलिमेट्रीत चार. पण एकाच लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणाऱ्या नर्स लायसन्स कॉम्पॅक्ट या करारात कॅलिफोर्निया नाही. उद्या नवऱ्याची नोकरी टेक्सासला गेली तर लायसन्ससाठी वेगळा अर्ज करावा लागेल, आणि बदली मधल्या काळात झाली तर प्री-रेक्विझिट तिकडचं कॉलेज धरेलच असं नाही. त्याबद्दल घरात आत्ताच बोलून घ्या.

मुलगी सहावीत जाईल तेव्हा तुमचं लायसन्स हातात येईल, असा माझा हिशेब. क्लिनिकलच्या दिवशी पावणेसातला हॉस्पिटलात हजर राहावं लागतं, म्हणजे डबा आणि शाळेत सोडणं नवऱ्याकडे. हे त्यांनी आधी कबूल करायला हवं, नंतर ठरवू म्हणून चालत नाही.

ऑगस्टच्या सेमिस्टरला केमिस्ट्रीपासून सुरुवात करा. नव्या विद्यार्थ्यांना नावनोंदणीची तारीख उशिराची मिळते आणि तोवर लॅबचे सेक्शन भरलेले असतात. तरी वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसाच. जे येत नाहीत त्यांची नावं प्रोफेसर तिथल्या तिथे काढतात आणि वेटलिस्टवरच्या हजर असलेल्यांना अ‍ॅड कोड (वर्गात नाव नोंदवायचा नंबर) देतात.