मॉकच्या गुणांवर किती भरवसा ठेवायचा?

पहिल्याच मॉकला, म्हणजे सराव पेपराला, २८० पडले म्हणून तोंड पाडून बसू नकोस. एका पेपरावरून ‘नीट’चा, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा, अंदाज येत नाही. पूर्ण अभ्यासक्रमाच्या शेवटच्या चार-पाच पेपरांची सरासरी बघ. धड्यावारी टेस्टचे गुण तर यात धरूच नकोस.

सध्या एवढंच सांभाळ:
- पेपर दुपारी २ ते ५ मध्येच सोडव. सोलापूरचा मे, त्यात लाईट गेली तरी उठायचं नाही.
- १८० प्रश्न ओएमआरवर (गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर), काळ्या बॉलपेननंच. मी घरी पुस्तकातच टिक करायचो. खऱ्या पेपरात गोल भरता भरता फिजिक्सचे सहा प्रश्न राहिले!
- सोडवलेला पेपर पुन्हा सोडवून वाढलेले गुण पाठांतराचे.

अंदाजपंचे उत्तरांवर खूण कर. लागली तरी ते ४-४ गुण सरासरीत धरू नकोस.