प्रशिक्षणं झाली, प्रमाणपत्रं मिळाली, तरी इतिहासाचा तास तसाच. आम्ही चौघांनी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला सामाजिक शास्त्रे शिकवणारे तुम्ही चौघे आहात, ऑनलाइन प्रशिक्षणं पूर्ण केलीत, पण धडा वाचायचा, समजावायचा, स्वाध्याय लिहून घ्यायचा, यापलीकडे गाडी सरकत नाही.

प्रमाणपत्रांना मी नावं ठेवणार नाही. नोकरीच्या 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीला, 24 वर्षांनी निवड वेतनश्रेणीला प्रशिक्षण लागतंच. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तासांची अपेक्षाही आहे. पण त्यातला बराच वेळ सगळ्या विषयांना सारखंच लागू पडणाऱ्या गोष्टींवर जातो. इतिहासाच्या शिक्षकाचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं: एखादा जुना कागद हाती आला, तर त्यावर मुलांना नेमकं विचारायचं काय?

म्हणून माझा सल्ला असा की एका वेळी एकच धडा घ्या, चौघांनी मिळून बसवा, एकाने शिकवा, तिघांनी बघा, उसवा आणि पुन्हा शिवा. जपानमधले शिक्षक हेच करतात. तिथे त्याला ‘जुग्यो केंक्यू’ म्हणतात, म्हणजे पाठाचा अभ्यास.

सुरुवात आठवीपासून करा, दहावीपासून नको. दहावीच्या तुकडीवर अभ्यासक्रम संपवायचा ताण असतो आणि डिसेंबरनंतर तर सरावपरीक्षांपुढे कुणालाच काही सुचत नाही.

पहिली बैठक दीड तासाची ठेवा. कागद निवडा. जोतीराव फुल्यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन यासाठी फार चांगलं आहे. ते मूळ इंग्रजीत आहे आणि त्यांच्या समग्र वाङ्मयात मिळतं. त्यातला 120 ते 150 शब्दांचाच उतारा घ्या. आख्खं पान दिलंत तर अर्धा तास शब्दार्थांतच जातो. मराठी करताना दोघांनी वेगवेगळं भाषांतर करा आणि मग ताडून बघा. जिथे दोघांचे शब्द जुळत नाहीत, बहुधा तिथेच मुलंही अडणार असतात.

आता प्रश्न. ‘फुल्यांनी कोणती मागणी केली?’ हा प्रश्न बाद करा. सक्तीचं प्राथमिक शिक्षण, हे उत्तर कागद न वाचताही देता येतं. उताऱ्यात बघा: सक्ती किमान 12 वर्षांच्या वयापर्यंत असावी, असं ते म्हणतात. गावातला शिक्षक शेतकरी वर्गातला असावा, वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला त्याला लाज वाटू नये, असंही म्हणतात. मग विचारा, ‘ही अट घालावीशी का वाटली असेल? त्यावरून त्या वेळच्या शिक्षकांबद्दल काय कळतं?’ याचं उत्तर वाचल्याशिवाय येत नाही.

त्याआधी सहीपाशी थांबा. 1848 पासून शाळा काढणारा हा माणूस सही करताना स्वतःला शिक्षक म्हणवत नाही. व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर असं लिहितो. का? आयोगासमोर कोण म्हणून उभं राहायचं, याचा विचार त्यामागे असणार. मुलांना हे कोडं आवडतं. शेवटचा प्रश्न मात्र हमखास ठेवा: ‘या एका कागदावरून काय सांगता येणार नाही?’

पाठाच्या दिवशी निरीक्षक मागच्या बाकावर बसले की सगळं मुसळ केरात. प्रत्येकाने तीन मुलं वाटून घ्यावीत, त्यांच्या बाजूला बसावं आणि शिक्षकाकडे न बघता वह्यांकडे बघावं. नोंद अशी हवी: ‘12वं मिनिट. पेन्सिल खाली ठेवली. शेजारणीला विचारलं, कमिशनर म्हणजे पोलीस का?’ त्या काळी म्युनिसिपल कमिशनर म्हणजे नगरपालिकेचा सदस्य, आजचा आयुक्त नव्हे. ही तळटीप उताऱ्याखाली हवी, हे अशा एका नोंदीवरून कळतं. ‘मुलांचा प्रतिसाद उत्तम’ या नोंदीचा उपयोग शून्य.

चर्चा त्याच दिवशी करा, 40 मिनिटं. शिकवणाऱ्याने आधी बोलावं. बाकीच्यांनी फक्त नोंदी वाचाव्यात. ‘छान झाला’ला बंदी. मग मुलांनी उत्तरं लिहिलेल्या 10-12 चिठ्ठ्या घेऊन तीन ढीग करा: उताऱ्यातलं वाक्य उतरवून काढणारे, स्वतःच्या शब्दांत सांगणारे, सही किंवा तारखेचा आधार घेऊन अंदाज बांधणारे. पहिला ढीग सगळ्यात मोठा निघाला तर मुलांना दोष देऊ नका, प्रश्न बदला. आठवड्याभरात दुसऱ्याने ‘ब’ तुकडीत सुधारलेला पाठ घ्यायचा. अशा एका फेरीला सगळं मिळून पाचेक तास लागतात. वर्षात चार फेऱ्या पुष्कळ झाल्या.

घोळ बहुतेक वेळापत्रकात होतो. तिघे एका वर्गात म्हणजे तीन तुकड्या उघड्या. मुख्याध्यापकांकडून बदली तास आठवडाभर आधी ठरवून घ्या, आणि या नोंदी गोपनीय अहवालासाठी वापरल्या जाणार नाहीत, हेही तेव्हाच बोलून घ्या. नाहीतर शिकवणारा दिखाऊ पाठ घेतो.

भूगोलाला हीच पद्धत चालते, फक्त कागदाऐवजी भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा स्थलनिर्देशक नकाशा. 2 सेंमी म्हणजे 1 किमी. झेरॉक्स काढताना मात्र सांभाळा: नकाशा ए-4 वर बसवायला लहान केला की छापलेलं 1:50,000 खोटं ठरतं. रेषाप्रमाण (नकाशावर छापलेली मोजपट्टी) तेवढं खरं राहतं, कारण नकाशाबरोबर तेही आक्रसतं. काळ्या-पांढऱ्या प्रतीत तपकिरी समोच्च रेषा आणि निळे ओढे एकसारखेच दिसतात. चार मुलांत एक, पण रंगीत प्रत द्या.

फेरी संपली की फाइलला तीनच गोष्टी लावा: पाठाचं सुधारलेलं टाचण, कागदाची प्रत आणि प्रत्येक ढिगातली एक चिठ्ठी.