दक्षिण बेटावर प्रथमच कॅम्परव्हॅन नेणाऱ्यास

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आपण प्रथमच निघत आहात, तेव्हा कॅम्परव्हॅन (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेतानाच तिच्यात पक्के बसवलेले शौचालय आणि स्वयंपूर्णतेचे (म्हणजे पाणी व सांडपाणी गाडीतच साठवण्याची सोय असल्याचे) हिरवे प्रमाणपत्र आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे. २०२३ च्या कायदाबदलानंतर नगर परिषदांच्या जागेवर फुकट मुक्काम करायचा, तर सहसा ते लागतेच. सांडपाणी फक्त डंप स्टेशनवरच, म्हणजे त्यासाठी ठरवून दिलेल्या जागीच, सोडावे. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, ती चिंता नको. पश्चिम किनाऱ्यावर मात्र संध्याकाळी दार उघडे टाकून चहा करत बसू नये. मी बसलो, आणि सँडफ्लाय माश्यांनी घोटे असे फोडले की आठवडाभर खाजवत होतो. आर्थर्स पास या डोंगरी खिंडीत किआ पोपट खिडक्यांचे रबर चोचीने सोलतात, म्हणून गाडीजवळच राहावे आणि कितीही लाडिक दिसले तरी त्यांना खायला घालू नये.